खुशीने काय द्याल ते

लग्न दोन दिवसांत उरकतं, पण त्यातला एखादा किस्सा आमच्याकडे वर्षानुवर्षं राहून जातो. आमच्याकडे म्हणजे लग्नात राबणाऱ्यांकडे. मी नवरीला नऊवारी नेसवते. अठरा वर्षं झाली. राहते भांडुपला, पण घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही हॉलवर पिनांचा डबा घेऊन हजर असते. फोटोवाला नितीन, सनईवाले दामूकाका आणि बापटगुरुजी हे तिघं बहुतेक वेळा बरोबर असतात. शेवटची पंगत उठली की हॉलच्या मागच्या बाजूला आम्ही चहा घेऊन बसतो, आणि तिथे हमखास विषय निघतो तो बक्षिसीचा.

कारण बक्षिसीची पद्धत कुणालाच माहीत नसते. मानपानाच्या याद्या होतात, रुसणाऱ्या आत्यांच्या याद्या होतात. पण साडी नेसवणारीच्या हातात पाकीट कोणी ठेवायचं, कधी ठेवायचं, हे कुणी लिहून ठेवत नाही. मग ऐन वेळी विचारतात, "तुमचं वर काय असतं?" आम्ही सगळे ठरलेलं उत्तर देतो, "खुशीने काय द्याल ते." तिथूनच घोळ सुरू होतो.

*

घाटकोपरच्या एका लग्नात नवरीचे वडील निवृत्त मास्तर होते. शब्द तोलून बोलणारे. नवरी पाठवणीला तयार झाली तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तुमची फी पोचली. वर काही द्यायची रीत आहे का?"

"रीत अशी नाही, सर. खुशीने काय द्याल ते."

ते जरा वेळ लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण मी आज खूश नाही." आणि खिशात घातलेला हात तसाच रिकामा बाहेर काढून निघून गेले.

नितीन म्हणाला, "टीप वाचवायची ही आयडिया एकदम झकास आहे यार." मी हसले, पण मनात थोडं लागलंच.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बघते तर मास्तर. तीन जिने चढून दम लागलेला. आत येऊन बसले, पाणी प्यायले आणि पाकीट पुढे केलं.

"मुलगी चार दिवस माहेरपणाला आली होती. काल जायला निघाली तर तिचीच घाई. घरी जायचंय म्हणाली. घरी, म्हणजे तिकडे."

मला काही कळेना. "मग, सर?"

"मग काय? आता आहे मी खूश."

*

मुलुंडच्या एका नवरीचे बाबा साकीनाक्याच्या कारखान्यात माल तपासायच्या कामाला होते. आयुष्य नटबोल्टांवर शेरे मारण्यात गेलेलं. त्यांनी लग्नात राबणाऱ्यांपासून मानाच्या पाहुण्यांपर्यंत ज्याला ज्याला पाकीट द्यायचं, त्याच्यासाठी आत एकेक चिठ्ठी घातली होती. काय आवडलं, काय सुधारायला हवं, सगळं नीट लिहून. बाहेर नावं मात्र घातली नव्हती. कोटाच्या खिशात पाकिटं क्रमाने लावली होती, तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

पाठवणीच्या वेळी बाबा इतके रडले की क्रमाची पार वाट लागली. बँडवाल्याचं पाकीट गेलं नवऱ्याच्या मामांच्या हातात. आतली चिठ्ठी अशी होती: "काम चांगले. मात्र तासभर उशिरा आलात आणि आल्या आल्या नाश्त्याकडे धावलात. पुढच्या वेळी सुधारणा अपेक्षित."

आता योगायोग बघा, मामा विरारहून खरंच तासभर उशिरा आले होते आणि आल्या आल्या खरंच नाश्त्याकडे गेले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी केली आणि खिशात ठेवली.

दोन दिवसांनी सत्यनारायणाला मी नवरीला नेसवायला गेले, तर मामा गुरुजींच्याही आधी येऊन मांडी घालून बसलेले. मी म्हटलं, "मामा, उपमा झालाय गरम." मामा म्हणाले, "आधी पूजा होऊ दे."

बाबांना हा घोळ कळला तो पुढच्या रविवारी. बँडवाला बायको आणि तीन मुलांना घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला, तेव्हा. मामांसाठीची चिठ्ठी त्याच्याकडे गेली होती ना. तिच्यात लिहिलं होतं, "आपण आता घरचेच. सहकुटुंब जेवायला या."

*

नितीनला लोक लग्नाआधीच पाकीट देतात, अमुक फोटो काढ म्हणून. एका नवरदेवाने उलटं केलं. पाठवणीला नवरी हसतमुख निघाली आणि हा पठ्ठ्या सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. का, ते त्यालाही सांगता येईना. रडून झाल्यावर त्याने नितीनला कोपऱ्यात गाठलं, हातात पाकीट कोंबलं आणि म्हणाला, "भाई, तेवढे फोटो उडव."

नितीन शब्दाचा पक्का. उडवायला म्हणून कॅमेरा हातात घेतला, तर मागे नवरी उभी. तिने पर्समधून दुसरं पाकीट काढलं. ते जरा जाड होतं.

तो फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेला आहे.

*

दामूकाका सनई सुरेख वाजवतात, पण हल्ली कुणाच्या खिशात सुट्टी नोट नसते. म्हणून त्यांच्या सुनेने त्यांना क्यूआर कोड काढून दिला आणि पैसे आल्यावर बोलणारा छोटा डबाही दिला. अंधेरीच्या एका लग्नात काकांनी तो डबा चौघड्याशेजारी ठेवला.

मंगलाष्टकं सुरू झाली. बापटगुरुजींनी पहिलं "सावधान" म्हटलं, अक्षता पडल्या, आणि त्या शांततेत डबा बोलला, "एकशे एक रुपये प्राप्त झाले."

नवरदेवाच्या थोरल्या काकांनी पाठवले होते. त्यांनी सगळ्या हॉलकडे वळून हलकेच मान लववली. दुसरं मंगलाष्टक संपलं. "दोनशे एक रुपये प्राप्त झाले." हे धाकटे काका. या दोन भावांचं कधीपासूनचं काय होतं, देव जाणे. पण प्रत्येक "सावधान" नंतर आता लोक अक्षता टाकायचं विसरून डब्याकडे बघायला लागले. नवरी मुंडावळ्यांआड हसत होती. अंतरपाट धरणारे दोघं हात भरून आले म्हणून पाळीपाळीने कुरकुरत होते.

शेवटी नवरीचे वडील पुढे वाकले. "गुरुजी, आटपा आता. मुहूर्त टळेल."

गुरुजी तितक्याच हळू म्हणाले, "मुहूर्ताला अवकाश आहे. मी दोन अष्टकं वाढवलीत. दामूचं बरं चाललंय."

त्या दिवशी चहाला गुरुजी माझ्या शेजारी येऊन बसले. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी मला विचारलं, "शैला, तो बोलणारा डबा कुठे मिळतो गं?"

*

मला स्वतःला मिळालेली सगळ्यात वेगळी बक्षिसी मनोरीची. तिथल्या एका ख्रिस्ती घरात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या पाच मावश्यांना जुन्या पद्धतीचं लुगडं नेसायचं होतं. आजीला ते येत होतं, पण तिची बोटं वाकडी झालेली. म्हणून ती खुर्चीत बसून सांगत गेली आणि मी नेसवत गेले. निघताना तिने माझ्या हातात सुक्या बोंबलांची भलीमोठी पिशवी दिली. "पैसं कोनी पन देल. ह्ये घे."

नाही कसं म्हणणार? पण मला तिथून थेट बोरिवलीला जायचं होतं, दुसऱ्या लग्नाच्या सीमांतपूजनाला. आणि ते घर असं की तिथे अंड्याचं नावसुद्धा निघत नाही. खाडी ओलांडायच्या होडीत काही वाटलं नाही, होडीत सगळ्यांकडेच बोंबील होते. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. हॉलवर पोचल्यावर मी पिशवी नवरीकडच्या खोलीत साड्यांच्या बॅगेमागे ढकलली आणि कामाला लागले.

पाच मिनिटांत नवरीची काकू म्हणाली, "कसला वास येतोय गं?"

सगळ्या जणी हुंगायला लागल्या. माझ्या हातातून पिन पडली. तेवढ्यात पलंगावर बसलेल्या नवरीच्या आजी, ऐंशीच्या घरातल्या, जपमाळेवरून नजर न काढता म्हणाल्या, "नव्या नऊवारीची खळ आहे ती. दमट हवेत असाच वास येतो."

आजीपुढे कोण बोलणार? नवरी तयार झाली, सगळ्या बाहेर गेल्या. मीही पिना गोळा करून निघाले, तर आजी म्हणाल्या, "दार लाव."

मी दार लावलं. "आजी, चुकलं माझं. मला ते..."

"कुठले?"

"मनोरीचे."

"बघू."

मी पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक बोंबील उचलला, मधोमध हलकेच मोडून बघितला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"बरे सुकलेत हां," त्या म्हणाल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "मी मालवणची. या घरात येऊन मला अठ्ठावन्न वर्षं झाली." तो मोडलेला बोंबील त्यांनी पिशवीत परत ठेवला, माळ उचलली आणि मला जायची खूण केली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. माझा नंबर त्यांनी नातीच्या नकळत मिळवला होता.

"शैला ना? बुधवारी घरातले सगळे पुण्याला चाललेत, मुंजीला. मी नाही जात, गुडघे दुखतात. मला नऊवारी नेसायची आहे. येशील?"

"येईन की आजी. घरी काही कार्य आहे का?"

"काही नाही," आजी म्हणाल्या. "पण येताना मनोरीवरून ये."