केइकोसानचा ‘मा’ आणि माधवरावांचा तबला

हम पुन्हा आला. मी हेडफोन काढला आणि आत बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबून म्हटलं, “सॉरी, केइकोसान. वन मोअर.”

काचेपलीकडे केइकोसान कोतो घेऊन बसली होती. तिने पुन्हा तारांवर बोटं ठेवली. कोतो म्हणजे माणसाएवढं लांब जपानी तंतुवाद्य. आणि हम म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये घुसणारी नकोशी गुणगुण. मी अल कुसैसच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट आहे. ती गुणगुण हाकलायचाच मला पगार मिळतो.

केइकोसान आणि तबलजी माधवराव दुबईत वर्षानुवर्षं एकत्र वाजवायचे. अल्बमचा शेवटचा पीस तेवढा राहिला आणि माधवराव हार्ट अटॅकने गेले. तो पीस ती आता एकटी पुरा करत होती. दुसऱ्या दिवशी ती कायमची ओसाकाला जाणार होती. आज जमलं नाही तर दोघांचं काम अर्धवट राहणार, आणि ते माझ्या स्टुडिओत राहणार, या विचाराने मला घाम फुटला होता.

गोची अशी, की जपानी संगीतात दोन स्वरांमध्ये मोकळी जागा सोडतात. तिला ‘मा’ म्हणतात. “आपल्या तालातल्या खालीसारखं का?” असं मी एकदा माधवरावांना विचारलं होतं. “खाली मोजता येते गं. मा मोजायला गेलीस की संपला,” ते म्हणाले होते. त्या जागेत ते एखादीच थाप द्यायचे. आता तिथे शांतता हवी होती, आणि हम नेमका तिथेच यायचा.

मी केबल बदलल्या. एसी बंद केला. शेजारच्या गॅरेजवाल्याला कंप्रेसर थांबवायला लावला. हम तसाच.

मालक शौकतभाई डोकावले. “यल्ला, खलास करो. बाद में साफ कर लेना.”

“भाई, वो निकालूंगी तो तार की आस, उसकी गूंज भी जाएगी.”

शेवटी मी काचेपलीकडच्या रूममध्ये जाऊन उभी राहिले. केइकोसानने तार छेडली आणि गुणगुण कोपऱ्यातून आली. तिथे पातळ रुमालाखाली माधवरावांचा तबला होता. ते गेल्यापासून तो हलवणं कुणाच्याच जिवावर यायचं.

मला हायसं वाटलं. यात भुताटकी नाही. तबला ज्या सुरात लावलेला असतो, तो सूर जवळ वाजला की तो आपोआप थरथरतो. याला रेझोनन्स म्हणतात. केइकोसान पाठमोरी, डोळे मिटून बसली होती. मी तबला गुपचूप लॉबीत नेऊन ठेवला.

पुढचा टेक स्वच्छ आला. हम नाही, काही नाही. आणि मध्येच ती थांबली.

“थांब,” ती म्हणाली. माधवरावांकडून उचललेले तिचे दोन-चार मराठी शब्द होते, त्यातला हा एक. मग तिने इंग्लिशमध्ये विचारलं, “माधवसान, व्हाय ही वेंट आउट?”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी तबला परत आणून ठेवला.

“ओके,” ती म्हणाली. त्या टेकला पीस पुरा झाला. माधवराव जिथे थाप द्यायचे, तिथे तिथे हम होता. मी काचेआड बसून रडले.

ती गेल्यावर माधवरावांची बायको, सुनंदावहिनी, अल मजाजच्या घरून तबला न्यायला आल्या. त्यांनी बोटाने टकटक केली आणि तोंड वाकडं केलं.

“अगं, हा तर पार उतरलाय! कधीपासून उतरलेला असणार. एसीत ठेवून वाट लावलीत तुम्ही.”

मी कीबोर्डवर सूर तपासला. कोतो पांढरी दोन या पट्टीत लावलेला होता. तबला त्याच्या चांगला दीड सूर खाली. इतका उतरलेला तबला त्या सुराला उत्तर देत नाही, देऊच शकत नाही. मी घाईघाईने रेकॉर्डिंग लावलं. हम अगदी पांढरी दोनला होता, तसूभरही इकडेतिकडे नाही.

हेडफोन मी वहिनींना दिला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

“हे आमचेच,” त्या म्हणाल्या. “त्यांना बेसूर खपायचंच नाही.” आणि तबला पोटाशी धरून लिफ्टकडे गेल्या.

अल्बम हमसकट निघाला. शौकतभाई अजून कुरकुरतात. मी त्यातून एवढंच शिकले: रूम रिकामी आहे, असं आता मी कुठल्याही क्लायंटला सांगत नाही. माईक चालू आहेत, एवढंच सांगते.