फुकटची तर्री आणि भाचीचा फॉर्म

माझ्या दादाच्या मते आहारशास्त्र म्हणजे फी भरून शिकलेली वांग्याची भाजी. आणि त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, बारावीनंतर नेमकं तेच शिकायचं होतं. फॉर्म भरून तयार होता. पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती आणि बुधवारी मुदत संपत होती.

"स्वयंपाक शिकाले कॉलेज काहून लागते वं?" दादा मला विचारत होता, जणू ते कॉलेज मीच काढलं होतं. "तुह्या वहिनीनं कोणतं कॉलेज केलं? त्यापेक्षा बी.कॉम. कर म्हणा."

भाची भांडली नाही. फॉर्म घडी करून पुस्तकात ठेवला आणि खोलीत निघून गेली. ती भांडली असती तर मी मजेत ऐकत बसले असते. तिचं ते गप्प राहणं मात्र मला बघवेना.

दादाला नुकतीच शुगर निघाली होती. डॉक्टरांनी त्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं होतं, आणि तो ती चिठ्ठी महिनाभर खिशात घेऊन हिंडत होता.

"सोमवारी मी सोबत येते," मी म्हटलं. "त्या बाईले भेट. बाहेर आल्यावरही तुले वाटलं का यात शिकण्यासारखं काही नाही, तं बी.कॉम.चा फॉर्म मी स्वतः आणून देते."

सोमवार मी उगाच निवडला नव्हता. भाचीनं मला सांगून ठेवलं होतं की आहारतज्ज्ञ काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं, इथून सुरुवात करतात. आणि सोमवारचा काल म्हणजे रविवार. रविवारी आमचा दादा खाण्यात काही कसर ठेवत नाही.

केबिनमध्ये बसली होती ती रामटेककडची, जेमतेम तिशीची मुलगी. टेबलावर वाट्या, चमचे, एक पळी. दादानं माझ्याकडे पाहिलं. भांडी पाहून त्याची खात्रीच पटली होती.

"काका, काल सकाळी काय खाल्लं?"

"पोहे. एक प्लेट." दादाचा आवाज अगदी सात्त्विक.

"तर्री?"

आता नागपुरात पोहे तर्रीशिवाय खातो कोण? चण्याचा तो लालभडक रस्सा, वर बोटभर तवंग. दादा म्हणाला, "ते तं असतेच."

"किती वेळा घेतली?"

"एकदाच. मंग वरून मागितली तेवढी."

"वरून किती वेळा?"

दादा खरोखरच गोंधळला. "मॅडम, वरची काय मोजाची? ते फुकट असते."

माझा भाऊ ऑफिसातल्या फायलींत स्वल्पविराम शोधणारा माणूस. पण गाडीवाल्यानं फुकट ओतलेली तर्री आपल्या पोटात जाते, हे त्याच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

ती हसली नाही. तिनं पळी त्याच्या हातात दिली. दादानं आठवून आठवून पाच वेळा ती रिकाम्या वाटीत उपडी केली. तितक्या पळ्यांत तेल किती असेल, तेवढे चमचे ती एकेक करून टेबलावर मांडत गेली. रांग दादाच्या कोपरापर्यंत आली तेव्हा त्यानं कोपर मागे घेतलं.

"म्हणजे पोहे बंद," तो खचून म्हणाला.

"काहून बंद? चणे भरपूर घ्या, तर्री एकच पळी, अन् नंतर पायी घरी जा."

दादा खुर्चीत सरळ बसला. महिनाभर जो भेटला त्यानं त्याच्या ताटातून काहीतरी उचललं होतं. हिनं पोहे राहू दिले. मग त्यानंच तिची मुलाखत सुरू केली.

"यात रसायनशास्त्र असते काय?"

"भरपूर. अन् शरीरशास्त्रही. पुष्कळ पोरी तिथंच अडकतात."

"अन् शिकून दवाखान्यातच बसाचं?"

"मी बसली. माझ्या वर्गातली एक खेळाडूंचं खाणं ठरवते, एक बिस्किटांच्या कारखान्यात माल तपासते. एक गावोगावच्या कुपोषित लेकरांसाठी काम करते. अन् एक अजून नोकरीच शोधून राहिली, काका. खोटं काहून सांगू?"

मला वाटतं, दादाला जिंकलं ते त्या शेवटच्या एका मुलीनं.

उठताना तिनं विचारलं, "रविवारी सोबत कोण असते?" दादानं क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट केलं. मी भिंतीवरचं फळांचं चित्र पाहत राहिले.

घरी पोचताच दादानं फॉर्म मागितला आणि उभ्या उभ्याच सही केली. भाचीनं ती दोनदा पाहिली. मग एक वही आणली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आत्या, काल सकाळी काय खाल्लं?"

"पोहे," मी म्हटलं. "एक प्लेट."

दादा पेनाचं टोपण लावत होता. मान वर न करता तो लेकीला म्हणाला, "तर्री विचार तिले."