पळसाच्या पाण्याचा रंग

मुलांनो, आजोबांची एक किडनी काढली एवढंच तुम्हाला फोनवर कळलं. ती गाठ सापडली कशी, ते क्रमाने लिहिते.

एप्रिलात त्यांना लघवी लाल होऊ लागली. दुखणं नाही, ताप नाही. आपल्या राजुऱ्याच्या उन्हात लघवीची कुठलीही तक्रार म्हणजे उन्हाळी लागली असंच धरतात, आणि त्यावर पळसाच्या फुलांचं पाणी. तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, वाळवलेली फुलं पिशवीभर घेऊन चिमूरहून आली. रात्री भिजवलेलं ते केशरी पाणी आजोबा सकाळी खडीसाखर घालून आवडीने पिऊ लागले.

आठवडा गेला, रंग तसाच.

"आता फुलाचा रंग उतरून राह्यला, वहिनी," आत्याआजी खुशीत म्हणाली. "गुण येऊन राह्यला."

"आणि फुलं आणायच्या आधी कशाचा रंग होता?"

"ते उन्हाळी होती ना!"

म्हणजे आधीचा लाल रंग रोगाचा आणि नंतरचा औषधाचा. यातून कुणी बरं झालंय की नाही, हे कळणार तरी कसं?

"मले काई दुखून नाई राह्यलं," आजोबा पेला न सोडता म्हणाले. "तुम्ही दोघी ठरवा अन् मले सांगा."

मी ठरवलं. फुलांची पिशवी कपाटात कुलूपबंद केली. पाणी बंद झालं तरी रंग बदलला नाही, तेव्हा मी दोघांनाही गाडीत बसवून चंद्रपूरला नेलं. सोनोग्राफीत उजव्या किडनीत गाठ दिसली. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कॅन्सरच सांगितला.

"पण याले दुखत तं नोहोतं!" आत्याआजी डॉक्टरांवरच चिडली.

न दुखता रक्त जातं म्हणूनच लोक थांबतात, असं ते म्हणाले. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी करताना ज्यांची गाठ अवचित सापडते, त्यांचं बहुधा बरं निभावतं. वजन घटून, ताप येऊन जे पोचतात त्यांची काळजी जास्त. "तुम्ही मधल्या रांगेत आहात."

"पंगतीतही मी मधेच बसतो," आजोबा म्हणाले. "वाढणारे दोन्हीकडून येतात."

डॉक्टर हसले. मला हसू येईना.

ऑपरेशननंतर गाठीचा रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. गाठ किडनीच्या आतच होती, बाहेर पसरलेली दिसत नव्हती. मात्र पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. तोच आत्याआजीने खुर्चीतच मोठ्याने रडायला सुरुवात केली. बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले.

"अवो बाई, चांगलं सांगितलं ना त्याईनं," आजोबा ओशाळून म्हणाले. "आता काऊन रडतं?"

"चांगलं सांगितलं म्हणूनच रडून राह्यली, दादा. वाईट सांगितलं असतं तं मले वहिनीले धरून बसा लागलं असतं."