कूलरमधली सात पिल्लं

भूतबित मी कधीच मानलं नाही. मी मासे पाळणारा माणूस... बायकोच्या मते मारणारा.

ऐंशीच्या दशकातला एप्रिल. नागपुरात, महाल भागात आमचं दोन खोल्यांचं घर. शेजारचे निवृत्त सर मुलीकडे निघाले आणि जाताना त्यांची निळी आफ्रिकन सिक्लिड मासोळी माझ्या काचेच्या टाकीत सोडून गेले. नर नुकताच मेलेला. मुंबईहून आणलेल्या जोडीतली ही एवढीच उरली होती.

तर ही बाई खाईचना. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. मी लगेच डॉक्टर झालो — बादलीत खडेमीठ, मिठात ती. दुपारपर्यंत मेली. बायकोनं तिला अंगणातल्या लिंबाखाली पुरलं आणि बादलीही तिथंच ओतली.

चार दिवसांनी माळ्यावरचा कूलर उतरवला. आतून डांबर फासलं, वाळवलं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, नळाचं पाणी भरलं. हा क्रम लक्षात ठेवा.

आठवड्यानं सर परतले. खरं सांगावंच लागलं. ते लिंबाखाली जाऊन उकिडवे बसले.

"बिमार नव्हती गा ते," म्हणाले. "तिच्या तोंडात पिल्लं होते. म्हणून उपाशी होती."

ही जात अंडी तोंडात उबवते आणि पिल्लं घाबरली की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात, हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात कूलरमध्ये पाणी टाकायला गेलेल्या बायकोनं हाक मारली. "इकडे या जी. हे मासे इथं काहून आले?"

काळ्या तळावर सात निळी पिल्लं, तांदळाएवढी. मी उत्साहानं हात घातला. सगळी एका कोपऱ्याकडे पळाली आणि... एकेक करून नाहीशी झाली. पाणी नितळ, कोपरा रिकामा.

"हात काढ," सर हळूच म्हणाले. "तिले भेव दाखवू नको."

त्यांनी त्या रिकाम्या कोपऱ्यात तांब्या बुडवला आणि अलगद माझ्या टाकीपर्यंत आणला. मी वाकून पाहिलं — नुसतं पाणी. तांब्या टाकीत कलता केल्यावर सातही पिल्लं बाहेर आली. एकेक करून.

एका जाणकारानं सांगितलं, नळातून आली असतील. म्हणजे आफ्रिकेतून, कन्हान नदीमार्गे!

पुढे सर आले की पिल्लं निवांत पोहायची. मी दिसलो की त्याच क्षणी गायब. शेवटी एकदा, घरात कोणी नाही बघून, मी काचेला नाक लावून "चुकलो" म्हणालो.

त्यानंतर एकही पिल्लू नाहीसं झालं नाही. मी कोणाला 'चुकलो' म्हणालो, ते मात्र मला अजून सांगता येत नाही.