वांगणीच्या आजींचे द्रोण

चहाला आम्ही तिघी सिस्टर बसलो की किस्से निघतातच. जव्हार-मोखाडा रस्त्यावरचं आमचं छोटंसं ट्रस्टचं हॉस्पिटल. तिथल्या डिलिव्हरी वॉर्डात मला अठरा वर्षं झाली. एवढ्या काळात किस्से साचत जातात, आणि खरं सांगते, त्यातले निम्मे कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगायचं विसरल्याचे असतात. वांगणीची सविता आणि तिची सासू यांचे तर एकाच मुक्कामातले कितीतरी!

*

सविताचं पहिलं बाळ दिवस उलटून गेल्यावर पोटातच गेलं होतं. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं, की सोमवारी ॲडमिट करून औषधाने कळा आणायच्या. दोघी शनिवारीच हजर! सविताचा नवरा लांब वीटभट्टीवर, बरोबर फक्त सासू.

"आजी, तारीख सोमवारची आहे," मी म्हटलं.

"तारीख तुमची हाय. जीप आमची नाय."

सोमवारी जीप मिळेलच याचा भरवसा नव्हता, मिळाली तेव्हा त्या निघाल्या. मी खाट दिली.

*

सोमवारी सकाळी मी सविताला बजावलं, मी सांगेपर्यंत काही खायचं नाही. दहा वाजता कळलं की फ्रिज बंद पडून औषध खराब झालंय, आज काही होत नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी वॉर्डातल्या मावशींना सांगितलं, मावशींना वाटलं की मीच सविताशी बोलले असेन.

संध्याकाळी पाचला बघते तर पोरगी उपाशी. डबा उशाशी तसाच बंद. उलट मीच तिच्यावर डाफरले, अगं, खाल्लं का नाहीस?

"तुम्ही सांगितलंच नाय," ती म्हणाली.

नऊ महिने भरलेली बाई, दिवसभर उपाशी, आणि मी जाता-येता तिच्याकडे बघून हसत होते. लाज वाटली हो.

*

त्याच दिवशी जव्हारहून फ्रिजचा मेकॅनिक आला. आजी दिसेल त्याला औषधाचं विचारायच्या आणि जो तो "थांबा" म्हणून पुढे जायचा. मेकॅनिकने मात्र पाना खाली ठेवला. फ्रिज का बंद पडला, औषध कुठून मागवलंय, उद्या सकाळच्या गाडीने येईल, सगळं त्यांना नीट सांगितलं.

झालं! संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले तर आजी मला म्हणतात, "ह्यो नको. तो फ्रिजवाला दागतर बोलवा."

डॉक्टर मनापासून हसले. मला काही हसू आलं नाही.

*

मंगळवारी औषध आलं. ठोके ऐकले, छान होते. औषध दिलं आणि सविताला म्हटलं, पडून राहा, मी येतेच. तेवढ्यात दुसरीची वेळ भरली आणि मी तिकडे अडकले. कुणाला सांगून गेले नाही.

दुपारी टेबलाशी तिची नोंद लिहीत होते, तर आजी दारात उभ्या. मी मान वर न करताच म्हटलं, थांबा आजी. या वेळी त्या थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या आणि पळसाच्या पानांचे तीन द्रोण माझ्यापुढे मांडले. तिन्हीत वालाचे दाणे.

गावातल्या आशाताईंनी त्यांना सांगितलं होतं, बाळ पोटात किती हलतं ते रोज मोजायचं. आजींना आकडे येत नव्हते. म्हणून त्या कनवटीला वाल बांधूनच आल्या होत्या. सकाळपासून दुपारपर्यंत सविता म्हणाली "हललं", की एक दाणा द्रोणात. रविवारचा द्रोण अर्धा भरलेला, सोमवारचाही तेवढाच. मंगळवारच्या द्रोणात चार दाणे.

"आज पोर गप हाय," आजी म्हणाल्या.

मी धावले. ठोके खूपच मंद झाले होते. डॉक्टरांना बोलावलं, अर्ध्या तासात सिझर झालं, आणि मुलगी रडली. ते आजींना सांगायला मी स्वतः बाहेर गेले. मावशींवर सोडलं नाही.

*

आठव्या दिवशी त्या निघाल्या. तिन्ही द्रोणांतले दाणे आजींनी पदराला बांधले. नातीच्या नावाने बांधावर पेरणार होत्या. सविता बाळाला घेऊन जीपमध्ये बसलीसुद्धा. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांची सही तेवढी राहिली होती.

"थांबा हं आजी, दोन मिनिटं," मी म्हटलं.

आजींनी पिशवीतून चौथा द्रोण काढला. काठोकाठ भरलेला. कनवटीतून एक वाल काढून त्यात टाकला आणि द्रोण माझ्या टेबलावर ठेवला.

"हा कशाचा?"

"तुमच्या 'थांबा'चा," आजी म्हणाल्या, आणि सहीची वाट बघत बाकावर बसल्या.