कावूनरावांचं परमिट

भिलाईच्या कॅम्प-1 मधल्या बाजाराच्या तोंडाशी सुनिताचा भज्यांचा ठेला आहे. ठेल्याच्या मागे तीन पाय आणि चौथ्या पायाच्या जागी विटा असलेला एक बाक आहे, आणि त्या बाकावर तिचे सासरे पंजाबराव आहेत. सकाळी बाक रिकामा दिसला तर लोक ‘ठेला बंद आहे का?’ असं विचारतात, इतके ते त्या ठेल्याच्या सामानात जमा आहेत.

पंजाबरावांना सगळा कॅम्प कावूनराव म्हणतो. विदर्भापासून लांब राहणाऱ्यांसाठी सांगायचं तर ‘कावून’ म्हणजे ‘का’. पण ‘का’ विचारणारा माणूस उत्तराची वाट तरी पाहतो. ‘कावून’ विचारणारा उत्तर नाहीच हे धरून चालतो. स्कूटरला नवी नंबरप्लेट लावा म्हटलं, की कावून? नळाला मीटर येणार, कावून? टीव्हीवरच्या मंत्र्यानं ‘भाइयों और बहनों’ एवढंच म्हटलं, तरी बाकावरून आवाज यायचा, “कावून?”

त्यांचं मत असं, की सरकारनं सरहद्द सांभाळावी, चोर पकडावा आणि उरलेल्या वेळात घरी जाऊन झोपावं. यात अपवाद एकच. भंडाऱ्याहून इथल्या पोलादाच्या प्लांटात भट्टीवर कामाला आलेल्या त्यांच्या बापानं निळ्या कापडात बांधून एक पुस्तक घरात आणलं होतं, देशाच्या घटनेचं. “थे पुस्तक सोडून बाकी सगळं कावून,” असं ते सांगत.

हा परवानग्यांचा तिटकारा त्यांनी कुठून कमावला? तर छत्तीस वर्षं परवानग्या देऊन. प्लांटात मशीनला हात लावायचा तर आधी परमिट लागतं. काम कोणतं, करणार कोण, कोणती लाइन बंद, कोणती चालू म्हणून हात लावायचा नाही, मुदत किती. पंजाबराव ते तपासत आणि एक खाना कोरा दिसला तर चांगल्या धिप्पाड फोरमनला शाळकरी पोरासारखं उभं करून ठेवत. पेढेवाला पेढा खात नाही, त्यातलाच हा प्रकार. निरोपाच्या दिवशी साहेबानं त्यांना जुन्या, बाद झालेल्या नमुन्याचं एक कोरं पॅड आठवण म्हणून दिलं. लोक देवाजवळ फुलं ठेवतात, तसं ते पॅड त्यांनी पुस्तकाजवळ ठेवलं होतं.

संध्याकाळी बाकावर रिटायर मंडळी जमत. त्यांनी आपलं एक मंडळही काढलं होतं, ‘हात काढा मंडळ’. सरकारनं लोकांच्या कामातून हात काढावा, हा त्याचा एकमेव ठराव. मंडळाची नोंदणी नव्हती, कारण नोंदणी म्हणजे सरकार. अध्यक्ष नव्हता, कारण अध्यक्ष म्हणजेही थोडं सरकारच. त्यामुळे सगळे एकदम बोलत. मंडळाचे दुसरे आधारस्तंभ धोंडबा, गोंदियाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्मभर क्रेन चालवलेला. छातीत कळ आली की दोघंही प्लांटच्या दवाखान्याचं कार्ड घेऊन रांगेत पहिले. तो काही सरकारचा उपकार नव्हे. तो हक्क!

असं सगळं तत्त्वानं सुरळीत चाललेलं असताना विधानसभेची निवडणूक आली, आणि तिच्याबरोबर एका विधेयकाची बोलवा. ठेलेवाल्यांनी परवाना घ्यावा, सर्व ठेल्यांचा रंग एक असावा, आणि बाजारातले ठेले उठवून रेल्वे लाइनीपलीकडच्या मैदानात न्यावेत. त्या मैदानात आजवर फक्त रावण जाळायला लोक गेलेले होते. भजी खायला कोण जाणार? पंजाबरावांचा मुलगा प्रफुल रसमड्याच्या कारखान्यात ठेक्यावर होता. काम कधी असायचं, कधी नसायचं. चूल पेटायची ती ठेल्यावर. तेव्हा ठेला राहतो की जातो, हा घरापुरता निवडणुकीचा एकच प्रश्न होता.

दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर सहमत झाले होते, ‘शहर सुंदर झालं पाहिजे’. विरोधात बोलणारा एकच, अपक्ष मोहित भैया. चिन्ह मिळालं होतं कढई. सुनिताला वाटलं, देव एवढं स्पष्ट कधी बोलत नाही.

पण मंडळानं मोहित भैया उलटासुलटा करून पाहिला तेव्हा ठिकठिकाणी गळती सापडली. तीन पक्ष फिरून आलेला. घरटी एक कुकर फुकट देणार. प्रत्येक वॉर्डात आजोबांच्या नावाचा दरवाजा बांधणार. लग्नातल्या डीजेवर बंदी आणणार, आणि हे सांगत फिरणार धुमाळ पार्टी, म्हणजे ढोल-ताशांचा ताफा, वाजवत.

“एका हातानं ठेला सोडते, दुसऱ्या हातानं डीजे धरते,” धोंडबा म्हणाले. “हा आपला मानूस नाई बावा. कोनीच नको म्हनून नोटाचं बटन दाबू.”

“अन् कुकर कोनाच्या पैशाचा? आपल्याच ना?” पंजाबराव म्हणाले. “येऊ दे त्याले. मी तोंडावर विचारतो.”

आला. धुमाळ पार्टी बाकापासून दोन हातांवर थांबली आणि तिथंच तिला सूर सापडला. त्या दणदणाटात मोहित भैया पंजाबरावांच्या पाया पडला.

“चाचा, ठेले को कोई हाथ नहीं लगाएगा! और भाभी को कुकर भी देंगे!”

“कुकर? कावून?”

मोहित भैयानं कानामागे हात धरला. “कानून?”

“कावून! कावून!”

“कानून! समझ गया चाचा, समझ गया!” त्यानं पंजाबरावांना कडकडून मिठी मारली आणि पुढच्या गल्लीत निघून गेला. ज्या माणसानं जन्मभर कायद्याला ‘का’ विचारलं, त्याच्याकडून एका ‘व’चा ‘न’ करून तो कायदा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा लावलेली ऑटो बाजारात शिरली. “कैंप एक के बुज़ुर्ग पंजाबराव चाचा की माँग पर, ठेलों के लिए बनेगा सख़्त से सख़्त कानून! कानून! कानून!”

बाजार थंड झाला. समोर चपला शिवणारा फकिरा आरी हातात घेऊन तसाच उठून आला.

“कावूनराव, तुमी कानून मांगला म्हन्ते?”

“अरे मी कावून मांगीन कानून?”

“तेच तर मी विचारून राहिलो ना. कावून मांगला?”

 ज्या शब्दानं पंजाबरावांनी आयुष्यभर इतरांना अडवलं, तोच त्यांना आडवा आला होता.  त्या संध्याकाळी सुनितानं त्यांना दिलेल्या भज्यांच्या बशीत तळलेली मिरची नव्हती. त्या घरात याला मोर्चा म्हणत.

मंडळाची तातडीची बैठक बाकावर भरली, म्हणजे रोजचीच.

“मी पयलेच म्हनलो होतो,” धोंडबा म्हणाले. “नोटा. तत्त्व साफ राहाते.”

“बरोबर हाय,” पंजाबराव म्हणाले. “असल्या मानसाले मत मी नाई देत.”

“नोटा दाबला तर ठेला राहाते काय, मामाजी?” सुनितानं कढईतून मान वर न करता विचारलं.

“तत्त्व राहाते.”

“मंग उद्यापासून तत्त्वच तळतो. बेसन तरी वाचंल.”

धोंडबांना खोकला आला, तो हसण्यासारखा ऐकू आला.

“मामाजी, एक सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या खात्यात थो भांडखोर वेल्डर होता ना? फोरमनच्या अंगावर दोनदा गेलता, थो. त्याले तुमी परमिट कावून देत होते?”

“कावून म्हंजे? वेल्डिंग पक्की होती त्याची. स्वभावाचा कोनता खाना रायते परमिटात? परमिट एका कामाचं, एका पाळीचं. पाळी संपली का वापस घेऊन फाडतो मी.”

“अन् बाकीच्या मशीनले हात लावला तर?”

“हिंमत हाय त्याची? कोनती लाइन चालू हाय, थे लिवलेलं रायते!”

“मंग मोहित भैयाले काय पुऱ्या प्लांटाची चाबी देऊन राहिले तुमी?” असं म्हणून तिनं भज्यांचा घाणा काढला.

बाकावर सगळ्यांनी एकदम मान हलवली. मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. पंजाबराव उठले, घरी गेले आणि पुस्तकाजवळचं पॅड घेऊन आले.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मोहित भैया पुन्हा आला. या वेळी पंजाबरावांनी आधी धुमाळ थांबवली. “देखो मोहित, ‘कावून’ मतलब ‘क्यों’. मैं ‘क्यों’ पूछा था.”

मोहित भैयाचा चेहरा उतरला. “मतलब आपको कानून नहीं चाहिए?”

“बिलकुल नाई!”

“तो मैं चार दिन से क्या चिल्ला रहा हूँ?”

“वोईच तो!”

मग त्याला बाकावर, विटांच्या बाजूला बसवून परमिट भरलं गेलं. काम : ठेल्याच्या विधेयकाला ‘ना’ म्हणणे. करणार : मोहित. मुदत : एक पाळी, पाच वर्षे. त्याखाली लाल शाईत : कुकर, दरवाजा, डीजे या लाइनी चालू आहेत, हात लावू नये. मोहित भैयानं तीन ठिकाणी सही केली. एक खाना कोरा राहिला म्हणून त्याला परत बोलावून चौथी घेतली.

“चाचा, इतना तो फ़ॉर्म भरते टाइम भी नहीं भरा था,” तो घाम पुसत म्हणाला.

“अबे पंजाबा,” धोंडबा ओरडले, “सरकार नाई पायजे म्हनता म्हनता तूच सरकार झाला बे!”

“गप राय,” पंजाबराव म्हणाले, पण पॅड खिशात ठेवताना त्यांचा चेहरा छत्तीस वर्षं तरुण दिसत होता.

मोहित भैया थोडक्यात निवडून आला. कुकर लगेच आले, लाल शाई असूनही. पंजाबरावांनी तत्त्व म्हणून आपल्या घरचा कुकर दारातूनच परत पाठवला आणि सुनितानं कोपऱ्यावर गाठून घेतला. पुढच्या अधिवेशनात विधेयक आलं. त्या दुपारी बाकावर फोन वाजला. पलीकडे रायपूरहून दबक्या आवाजात आमदार.

“चाचा, परमिट जेब में है। थोड़ी देर में बोलना है। ‘ना’ ही बोलूँ न?”

“हां, ‘ना’!”

“ठीक है चाचा। पर बग़ल वाला पूछ रहा है, उसे क्या बताऊँ?” मग शिकलेला शब्द जपून उच्चारत तो म्हणाला, “कावून?”

पंजाबरावांनी तोंड उघडलं. छत्तीस वर्षांची नोकरी, एवढं मोठं मंडळ, पण ‘ना’ कशासाठी, हा प्रश्न त्यांना धड कधी कुणी विचारलाच नव्हता. फकिराकडे बघितलं, धोंडबांकडे बघितलं, आणि मग गुपचूप फोन सुनिताच्या कानाला लावला.

“भैया,” सुनिता झारा हलवत म्हणाली, “लवकर ‘ना’ म्हना अन् फोन ठेवा. भजे जळून राहिले माह्ये.”