नॅनोच्या शर्टावर बाईंची नीळ

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, ड्रॉपर असायचा. वणीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या आणि आमच्या गावात येऊन राहिलेल्या या बाई दिसेल त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघत. लग्नात नवरदेवाच्या फेट्यावर, आमच्या घरी मी गावात वाटायला लिहिलेल्या ताज्या पत्रकावर. "शाई फुटते तुझी, क्रांतिताई. मुद्दे तरी पक्के आहेत काय?"

कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडअळी हटेना, आणि फवारणी करणारी माणसं विषबाधेनं दवाखान्यात जात होती. माझा मथळा ठरलेला: 'निसर्गाचं ते अमृत, कारखान्याचं ते विष!' तो वाचून बाईंनी अळूचं पान आणलं. त्यावरून थेंब गोटीसारखा घरंगळला. "मेणाचे कण आहेत याच्यावर. केसाच्या जाडीचे हजार भाग कर, त्यातल्या एकाएवढे. त्याले नॅनो म्हणतात. निसर्गानं केलेले." मी खूश. "अन् चुलीच्या धुरातही असेच बारीक कण राह्यतात. लाकूड निसर्गाचंच. घे छातीभर अमृत!"

त्याच हंगामात एक एजंट फवारणीचा शर्ट विकायला आला. शर्टाला कारखान्यातल्या नॅनो कणांचा लेप होता. पारावर त्यानं तांब्याभर पाणी ओतलं, ते सगळं घसरून गेलं. "औषध अंगाले लागणारच नाही!"

माझे देवकाका पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात फवारायचे. तोंडाला बांधलेलं फडकं, एवढंच त्यांचं संरक्षण. त्यांनी शर्ट अंगात चढवलासुद्धा. "बस, आता उद्या बिनघोर जातो!"

"देवराव," बाईंनी विचारलं, "पंपात नुसतं पाणी भरता काय?"

"नाही जी. औषध, अन् वरून स्टिकर. त्याच्याबिगर औषध पानाले चिकटत नाही."

"मग शर्टाची परीक्षा पाण्यानं काहून?" बाईंनी दोन बादल्यांत कपड्यांची नीळ कालवली आणि एकीत स्टिकरचं झाकणभर द्रावण टाकलं. मग एजंटकडे वळल्या. "माल तुमचा, तुम्हीच घाला भाऊ."

सगळं गाव बघत होतं. नाही कसं म्हणणार? पहिली बादली घसरून गेली. एजंटनं पैलवानासारखे दंड फुगवले. दुसरी ओतली. शर्ट काढला तेव्हा बनियन निळं, आणि बनियनखालचं पोटही निळं! देवकाका मात्र हसले नाहीत. ते त्या पोटाकडे बघत राहिले.

मी पेन उघडलं. "थांब," म्हणत बाईंनी दुसऱ्या बादलीत उरलेली स्टिकरची नीळ अळूच्या पानावर टाकली. ती पसरली, पानाला चिकटली. "निसर्गही हरला. फरक इतकाच, पान जितं आहे, ते मेण पुन्हा तयार करते. शर्टाचा लेप झिजला की झिजला. हेही लिही, तुले आवडलं नाही तरी."

मी मथळा बदलला: 'आधी हातमोजे, मास्क, प्लास्टिकचा अंगरखा, मग पंप!' ते पत्रक हातात धरून देवकाका शेतमालकाच्या दारात बसले. सामान आलं तेव्हाच उठले.

पुढं बाई लेकीकडे नागपूरला गेल्या, कायमच्या. त्यानंतरच्या हंगामात तोच एजंट नवी पिशवी घेऊन आला. मोटरसायकलवरून न उतरताच त्यानं विचारलं, "त्या बाई आहेत काय गावात?"

"आहेत ना," देवकाका म्हणाले, "बादली भरून राह्यल्या."

मोटरसायकल वळलीसुद्धा.